हॉस्टेलला नेलेले चार जोड

पुण्याला हॉस्टेलवर जाताना मी चार जोड नेणार म्हटलं होतं आणि चारच नेले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यावरून घरात जे रणकंदन माजलं त्यात शेवटी कोण जिंकलं याची उगाच उत्सुकता नको.

रोजची चप्पल, कार्यक्रमाचे सँडल आणि बाथरूमची स्लिपर यांना कुणाची हरकत नव्हती. भांडण होतं ते मामानं बारावीच्या निकालावर दिलेल्या बुटांवरून. पांढरेशुभ्र, जाड तळव्याचे, लांबून दिसणारे बूट. पप्पा शाळेत क्लार्क. माणूस भला, पण लोकांच्या तोंडाला फार भ्यायचे.

"सरकारी हॉस्टेल हाय ते," ते म्हणाले. "आपल्याला फी माफ. लोक म्हणतील, फुकटात शिकायलेत आन बूट बघा यांचे. साध्या चपलांवर भागतंय की. माझं भागलं."

"तुमचं भागलं न्हाई, तुमी भागवलं," मी म्हणाले. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

आईनं मधला मार्ग काढला. बूट घरीच ठेव, दिवाळीला आल्यावर घाल. म्हणजे पुण्यात बापुडवाणं राहायचं आणि मिरवायचं कुठे, तर आमच्या ताडकळसच्या बाजारात! मला असा संताप आला. फी माफ झाली म्हणून मी काय जन्मभर ओशाळून वावरायचं? बूट बॅगेत मावेनात, तेव्हा मी ते सरळ पायात घातले आणि निघाले. पप्पा बॅग घेऊन मागे.

रात्री पाऊस झाला होता. आमच्या बौद्ध वस्तीतून स्टँडला जायची वाट चावडीवरून जाते आणि तिथे काळ्या मातीचा असा चिखल होतो की पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. अशा दिवशी आख्खं गाव पायातलं हातात घेऊनच चालतं. पप्पांनीही चपला काढून हातात घेतल्या.

"काढ की गं बूट," ते म्हणाले. "नवेकोरे हायत. हातात घे."

सल्ला शहाणपणाचाच होता. पण आम्ही बरोबर चावडीसमोर उभे होतो. आजोबांच्या लहानपणी आमच्या माणसांना इथून पायात वहाणा घालून जायची सोय नव्हती. काढायच्या, हातात घ्यायच्या, मान खाली घालून पुढे जायचं. चिखल असो नाहीतर उन्हाळ्यातला तापलेला फुफाटा. आजोबांनी हे मला किती वेळा सांगितलं असेल.

"इथून हातात घेऊन न्हाई जायची मी," मी म्हणाले.

"अगं, चिखल हाय म्हणून म्हणायलोय!"

"आज्जाला काय चिखल हाय म्हणून काढाय लागायच्या?"

मी पुढे निघाले. बूट लेसपर्यंत रुतले. एकेक पाय उपटून काढावा लागत होता. चावडीच्या पायरीवर बसलेला एक जण हसून म्हणाला, "गेले बूट कामातून."

"माझेच हायत, जाऊ द्या," मी म्हणाले. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडले असते तर बूट काढल्यासारखंच झालं असतं.

मागून पप्पांच्या पावलांचा आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं. त्यांनी चपला चिखलात ठेवल्या होत्या आणि बॅग सांभाळत ते त्यात पाय घालत होते. थोडं चालले आणि एका चपलेचा अंगठा तुटला. तरी त्यांनी ती हातात घेतली नाही. तशीच फरफटत स्टँडपर्यंत आले.

पुण्याला जायला आधी परभणी गाठायची होती. त्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. पप्पा खाली उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "पोचलीस की बूट धू. आन रोज घाल."