ज्वारीची जाजम

बी.ए.ला प्रवेश घेऊन मी हिंगोलीत मावशीकडे राहायला आले, तेव्हा काकांच्या दुकानातलं काम कमी व्हायला लागलं होतं. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, निवडणुकीतल्या भिंती, यात्रेआधी नरसीच्या प्रसादाच्या दुकानांचे फलक, सगळं त्यांच्या हातचं असायचं. मग नांदेडहून छापलेले फ्लेक्स यायला लागले. काका चहा पिता पिता म्हणायचे, आता भिंती तेवढ्या राहिल्यात, त्याबी एक दिवस गुंडाळून नेतील.

जाजमांचं काम त्या रिकाम्या दिवसांत सुरू झालं, तेही न ठरवता. फरशीवर रंग सांडू नये म्हणून काकांनी एका जुन्या कापडी बॅनरची पाठ वर करून दुकानात अंथरली होती. वर्षानुवर्षं ब्रश झटकून तिच्यावर इतके थेंब साचले होते की ती मुद्दाम रंगवल्यासारखी दिसायची. घराच्या नावाची पाटी करायला आलेल्या एका शिक्षिकाबाईंनी ती पाहिली आणि विचारलं, ही जाजम कुठून आणली? काकांना हसू आलं. मावशीला नाही आलं. तिने बाईंना सांगून टाकलं की पुढच्या आठवड्यात या, तुमच्या खोलीच्या मापाची करून देऊ.

नांदेडहून जाड कॅनव्हास आणायचा, त्याला मैद्याची खळ द्यायची, वाळल्यावर प्रायमरचे दोन हात, मग पॉलिशपेपरने घासायचं, मग ऑइल पेंट, शेवटी वार्निश. कडा मागे दुमडून सरसाने चिकटवायच्या. दुकानात एवढं कापड आडवं पसरायला जागा नव्हती, म्हणून पाट्यांच्या सवयीने आम्ही ते भिंतीवर खिळ्यांनी ताणून उभंच रंगवायचो. मला लहानपणापासून चित्रं काढायचा नाद होता, पण रंग कसा चढवायचा ते काकांनी शिकवलं.

माप घ्यायला मात्र मीच जायचे. पेंटरला बायका ओट्यावरूनच बोलून वाटेला लावायच्या, आणि जाजमेचं माप घ्यायचं तर पार आतल्या खोलीपर्यंत जावं लागतं. मला ते जड जायचं. साखरा गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शहरातल्या घरात कुठं बसायचं, दिलेला चहा कुठवर नको म्हणायचा, हेच मला कळत नसे. टेप धरून मी गुपचूप फरशी मोजायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान हलवायचे.

जाजमेवर काय काढायचं नाही, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. देव नाही, स्वस्तिक नाही, समई नाही, अक्षर तर मुळीच नाही. फुलं, वेली, कोयऱ्या, चौकटी चालायच्या. एका नव्या नवरदेवाला दोघांची नावं हवी होती. मावशीने त्याला विचारलं, "पहिल्याच महिन्यात तिला तुमचं नाव तुडवायला लावता व्हय? थोडी वर्षं जाऊ द्या, मग ती आपणच मागंल." तो लाजून कोयऱ्यांवर राजी झाला.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात कळमनुरी रस्त्यावरच्या नव्या वसाहतीतून एका वहिनींचं बोलावणं आलं. त्यांचे यजमान एका ऑफिसात कारकून होते. घर नवं, फरशी पांढरी आणि आरशासारखी गुळगुळीत. मधल्या खोलीत कॉटवर त्यांचे सासरे बसलेले होते. त्यांना मी आबा म्हणायला लागले. जन्म शेतात गेलेला, आणि डोळ्यांनी साथ सोडल्यावर मुलाने त्यांना गावाकडून इथे आणलेलं. एक डोळा काचबिंदूने गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यातून ठळक रंग आणि मोठे आकार तेवढे दिसायचे.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी आबा रात्री संडासाला जाताना घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण मुलाने धसका घेतला. तो दिवसभर ऑफिसात, आणि एकट्या वहिनींना आबा पुन्हा पडले तर उचलता येणार नाहीत. म्हणून त्याने कॉटखाली भांडं आणून ठेवलं आणि आबांनी एकट्याने कॉटवरून उतरायचं नाही असं बजावलं.

"भांडं घ्यायला लागू नये म्हणून पाणीच पिऊन न्हाई राहिले," वहिनी म्हणाल्या. "चहा बी अर्धा ठेवतेत. डॉक्टर म्हणतेत पाणी पाजा, अन् हे तोंड मिटून बसतेत."

मैत्रिणीकडे त्यांनी आमची जाजम पाहिली होती. तशीच एक लांबट पट्टी, जरा खरबरीत आणि ठळक रंगाची, कॉटपासून मागच्या संडासापर्यंत अंथरली तर पायाला धर मिळेल आणि डोळ्याला वाट दिसेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. यजमान एवढ्यालाच कबूल झाले होते. एकदा करून बघू म्हणाले, नाही जमलं तर मग भांडंच.

मी माप घेत मधल्या खोलीत वाकले होते, तेव्हा आबांनी विचारलं, कोण गं तू, कुठली? साखऱ्याची म्हटल्यावर ते कॉटच्या कडेला सरकले. "सेनगावाकडली. ज्वारी निसवली का तिकडं?"

मी रविवारीच घरी जाऊन आले होते. निसवली, म्हटलं, कणसं बाहेर पडलीत, दाणा भरायचाय. मग त्यांनी पाखरं किती, थंडी कशी, पानांवर चिकटा रोग पडला का, असं सगळं विचारलं, आणि मी, जी कुणाच्या घरात दोन वाक्यं धड बोलत नसे, ती फरशीवर बसून त्यांना आमचं वावर सांगत राहिले. निघताना वहिनींनी विचारलं, काय काढशील? मी म्हटलं, करते काहीतरी. पण माझं ठरलं होतं.

आठवडाभर मी कॉलेजातून आले की ज्वारी रंगवत होते. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली, जाडजूड, पिवळीधम्मक कणसं, आबांच्या उरल्यासुरल्या नजरेलाही दिसावीत अशी. काका जवळ येऊन दाणे बघायचे आणि म्हणायचे, हात बसला तुझा. मावशी म्हणाली, अशी ज्वारी यंदा कुणाच्या रानात न्हाई. काकांनी सांगितलं म्हणून वार्निशच्या शेवटच्या हातात मी चाळलेली बारीक वाळू मिसळली, म्हणजे पाय सरकू नये.

जाजम नेऊन अंथरली तेव्हा दुपार होती. वहिनींनी आबांना उठवून उभं केलं. त्यांनी खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"काय काढलंस गं हे?"

"ज्वारी हाय आबा. कणसं."

"कुठवर?"

"पार मागच्या दारापर्यंत."

त्यांनी एक पाय उचलला होता. तो तसाच थोडा वेळ अधांतरी राहिला आणि मग त्यांनी तो जाजमेच्या बाजूला, उघड्या फरशीवर ठेवला. एक हात भिंतीला लावून ते कडेकडेने चालायला लागले.

वहिनी घाबरल्या. "मामा, जाजमेवरून या ना. तिथं घसरतंय."

"कणसावरून चालू व्हय?"

"चित्र हाय ते."

"असंल," आबा म्हणाले. "पाय न्हाई पडत माझा."

आमच्या घरी खळ्यावर कुणाचा चुकून कणसाला पाय लागला तर आई ते उचलून कपाळाला लावायची. मीही लावत आले होते. तरी आठवडाभर एकदाही ते मनात आलं नाही. काकांच्या नाही, मावशीच्याही नाही. भिंतीवर होतं तोवर ते आम्हा सगळ्यांना चित्र होतं. खाली अंथरलं आणि ते धान्य झालं.

तेवढ्यात यजमान जेवायला घरी आले. त्यांनी पाहिलं ते असं की नवी जाजम रिकामी पडलेली आणि वडील ओल्या पुसलेल्या फरशीवर भिंत धरून उभे. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आबांना धरून कॉटवर बसवलं आणि मला सांगितलं, तुम्ही मेहनत चांगली केली, पण आता गुंडाळून न्या, मी जोखीम घेऊ शकत नाही. आबा ऐकत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला चार दिवस द्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

चार दिवसांनी काय बदलणार, असं त्यांनी विचारलं. वहिनींनीच मध्ये पडून म्हटलं, देऊ की, इतके दिवस काढले तसे चार काढू.

ते जेवायला बसल्यावर मी आबांच्या कॉटजवळ गेले आणि म्हटलं, आबा, मी यावर सगळीकडे साधा हिरवा रंग मारून आणते, काहीच नको काढायला.

आबांनी मान वळवली. "आलेलं पीक मोडतीस काहून?"

मला रडूच आलं. "मग कसं करू?"

"तुमच्याकडं ज्वारीतून कसे जातेत?"

"तासातून," मी म्हटलं. ज्वारीच्या दोन ओळींमधली जी मोकळी माती असते, तिला आमच्याकडे तास म्हणतात. खुरपायला बसायचं ते तिथंच, चालायचं तेही तिथूनच.

"मंग मी काय आभाळातून जातो का?" आबा म्हणाले.

जाजम पुन्हा दुकानाच्या भिंतीवर चढली. मधून चांगला रुंद काळ्या मातीचा पट्टा आणि दोन्ही कडांना उभी ज्वारी, असं काढायचं होतं. मधली कणसं झाकून टाकायला हात धजेना. मी आधी ती कडांना जास्तीची काढून घेतली, तिथं ती दाटीवाटीने उभी राहिली, आणि मगच मधली झाकली.

काकांना वेगळीच काळजी होती. पांढऱ्या फरशीवर काळा पट्टा टाकला तर कमी दिसणाऱ्याला तो खड्डा वाटतो, म्हणाले, म्हातारं पाऊल टाकणार नाही. त्यात तथ्य होतं. मी परसातल्या कढीपत्त्याच्या बुडातली माती आणून पत्र्यावर पसरली आणि तिच्याशेजारी रंग मिसळत बसले. नुसता काळा मेलेला दिसायचा. त्यात तांबडा घातला, थोडा पिवळा घातला, तेव्हा कुठे तो सकाळच्या वावरासारखा दिसायला लागला. रंग ओला असतानाच वाळू भुरभुरवली आणि मावशीच्या मोडक्या फणीने त्यातून लांब रेघा ओढल्या. डोळ्याला खड्डा वाटलाच, तर तळपायाला तरी कळावं की ही जमीन आहे.

रविवारी नेली, म्हणजे यजमानही घरी असतील. त्यांनी काळा पट्टा पाहिला आणि वहिनींकडे पाहिलं. काकांची जी शंका होती तीच त्यांच्या चेहऱ्यावर होती. त्यांनी आबांना दंडाला धरून उभं केलं.

आबा खाली पाहत होते. मला वाटलं, नाही जमलं. मग त्यांनी अंगठा पुढे केला, आणि पाण्याचा अंदाज घ्यावा तसा तो हळूच टेकवला. अंगठा रेघेवरून थोडा पुढे गेला, थोडा मागे आला.

"पेरलंय ना?" त्यांनी विचारलं.

"पेरलंय आबा."

"दोन्ही अंगाला?"

"व्हय. कणसं आलीत."

त्यांनी पूर्ण पाऊल ठेवलं, मग दुसरं. आणि मुलाला म्हणाले, "हात सोड."

मुलाने सोडला नाही. बाबा, राहू द्या, असं काहीतरी तो पुटपुटला.

"सोड रे. एका तासात दोघं मावत न्हाईत."

त्याने हात सोडला, पण तो तसाच हवेत धरून ठेवला. आबा निघाले. पावलं लहान होती, पण भिंतीला हात नव्हता. स्वयंपाकघराच्या दारापाशी वाट वळत होती आणि तिथे मी दोन कापडं जोडली होती. त्या जोडावर ते थांबले. त्यांनी अंगठ्याने पुढची रेघ शोधली, ती सापडली, आणि ते वळले. शेवटी हाताने संडासाचं दार चाचपलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

यजमान पटकन दाराजवळ गेले. वहिनी त्यांच्यामागे, मी वहिनींच्या मागे. आतून काही आवाज येईना. यजमानांनी दाराला कान लावला आणि विचारलं, बाबा, ठीक आहे ना?

"तमाशा लागलाय का तिथं?" आबा आतून म्हणाले. "जावा आपापल्या कामाला."

यजमान मागे सरले. मग ते बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर घेऊन बसले. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, पण नळ सोडला नाही, कान तिकडेच होता. मला तिथे काही काम नव्हतं. वळणावरच्या जोडाशी जाजमेची कड जराशी उचलल्यासारखी वाटत होती. मी खाली बसले आणि ती हाताने दाबत राहिले.