डावी बाजू

कर्जतपासून खालापूरपर्यंत जेवढी माणसं राहत होती, त्या सगळ्यांच्या कानांची काळजी आमचे घरमालक एकटे वाहत होते, आणि त्यांतल्या एकानंही ती वाहायला त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी परभणीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. दुष्काळाच्या साली एका मालट्रकच्या मागं बसून मुंबईला निघालो होतो. ट्रक चौक गावच्या नाक्यावर बिघडला. दुरुस्तीला दोन दिवस लागले, तेवढ्यात मी गॅरेजवाल्या मिस्त्रीला पाने उचलून द्यायला लागलो. ट्रक गेला, मी राहिलो. मिस्त्रीनंच दहिवलीला एका घराची पडवी बघून दिली. तिथं पोचलो तेव्हा मालकांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. माझं डोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी कंदिलाकडं वळवलं, माझ्या कानांत डोकावून बघितलं आणि आत ओरडून बायकोला सांगितलं, "अगं, कान चांगलं हायत याचं. भात जास्त टाक." आपल्याला नक्की कशासाठी ठेवून घेतलंय, हे मला पहिले तीन महिने कळलं नाही. पण ठेवून घेतलंय एवढं कळलं होतं, आणि ते मोडू नये म्हणून मी जिवाला जपत होतो.

मालक तरुणपणी फौजेत होते, बिनतारी संदेश ऐकण्याच्या कामावर. लढाई संपली, बंदुकीवाले बंदुका ठेवून घरी आले आणि मालक कानांत एक शिट्टी घेऊन घरी आले. ती शिट्टी पुढं कधी थांबली नाही. "दुसऱ्यांना डोंबाऱ्याचा ढोल ऐकू येतो, मला शिट्टी. तेवढाच फरक," असं ते म्हणायचे. मधल्या काळात त्यांनी नोकऱ्या केल्या, भात लावला, छप्पन साली सगळ्या वाडीबरोबर दीक्षा घेतली. पण मन अडकलं होतं ते लढाईतल्या जुन्या हेडफोनांत. मुंबईच्या भंगारबाजारात फौजेचं जुनं सामान यायचं. बाकीची माणसं तिथून पंप आणायची, ताडपत्री आणायची. मालक हेडफोन आणायचे. काळ्या बेकलाइट प्लास्टिकच्या दोन वाट्या, वर लोखंडी पट्टी, आणि कापडात गुंडाळलेली, उंदरांनी कुरतडलेली तार. घरात असे बावीस नग होते आणि प्रत्येकाला नाव होतं. पोशीरच्या मास्तरांकडून आलेला 'पोशीरवाला'. फार घरघरणारा 'सासरा'. एक नुसताच 'मयत' होता. तो त्यांनी सात वेळा उघडला होता आणि दर वेळी आशेनं बंद केला होता.

या दुरुस्तीच्या पायी त्या घरात जे चालायचं ते मी पुढं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. हेडफोनच्या वाटीत केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती तुटली की मालक शिवणाच्या सुईनं टोकं उचलून जोडत. तसा जोड चालू असला की घरात फोडणी द्यायची बंदी. फोडणीनं ठसका लागतो, ठसक्यानं हात हलतो, हात हलला की तार गेली. त्यामुळं ज्या आठवड्यात तीनचार हेडफोन दुरुस्तीला असत, त्या आठवड्यात आम्ही उकडलेला भोपळा खायचो. पावसाळ्यात दमट हवेनं वाट्यांतल्या पत्र्याच्या चकत्यांना गंज चढतो म्हणून सगळे हेडफोन तांदळाच्या कणगीत पुरलेले असायचे. मावशी, म्हणजे मालकांची बायको, तांदूळ काढायला हात घालायच्या आणि हातात 'सासरा' यायचा. चकती खराब झाली की नवी कापायला मालकांना पातळ पत्रा लागे. एकदा त्यांनी हिंगाच्या डबीचं झाकण कापलं. त्या हेडफोनातून पुढं कायम बातम्या यायच्या त्या हिंगाचा वास घेऊन. कानाला गादी म्हणून त्यांनी मला गॅरेजमधून ट्यूबचे तुकडे आणायला लावले. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर मिस्त्री माझ्याकडं बघतच राहिला.

"कानाला काजळ घातलंस काय रं? दृष्ट लागंल म्हणून?"

दोन्ही कानांभोवती काळी वर्तुळं उमटली होती. ती आठ दिवस गेली नाहीत. डोक्यावरची पट्टी मालकांनी करवतीच्या पात्याची केली होती, तिनं माझे पुढचे केस गेले. ते मात्र परत आले नाहीत.

माझं काम होतं ऐकायचं. मालकांचा स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता. शिट्टीतून काय येतं आणि हेडफोनातून काय येतं हे त्यांना वेगळं काढता येत नसे. म्हणून संध्याकाळी मी कामावरून आलो, हातपाय धुतले, की ते हेडफोन माझ्या डोक्यावर चढवत, तारा रेडिओला लावत आणि समोर उकिडवे बसत.

"येतंय का रं?"

"येतंय."

"आवाज बसलाय कुटं? कपाळावर का टाळूवर?"

आवाज कुठं बसतो हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हणायचो, "टाळूवर."

"बरोबर! मग पोटातनं बोलतोय का नाकातनं?"

"पोटातनं, मालक."

"हां! आता कसा!" म्हणत ते मांडीवर थाप मारायचे. मी काहीतरी बरोबर सांगितलंय एवढ्यानं माझा जीव भांड्यात पडायचा. परक्याच्या आसऱ्याला असलेल्या माणसाच्या तोंडून 'नाही' सहसा निघत नाही. मला वाटायचं, एकदा नाही म्हटलं तर हे म्हणतील, याचे कान गेले, आता भात कमी टाक. म्हणून खरखर आली तरी छान, घुमलं तरी छान. मालक ती 'छान' एका वहीत लिहून ठेवायचे.

मावशींना उजव्या कानानं मुळीच ऐकू येत नसे, डाव्यानं थोडंथोडं. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला जाऊन ओरडावं लागे. हे त्यांना कुणी बोलून दाखवलेलं खपत नसे. "मला समदं ऐकू येतं. ह्यांचं बोलणंच ऐकायजोगं नसतं." घरात मूलबाळ नव्हतं. आपल्या भावाची मुलगी सुमन मावशींनी लहानपणापासून वाढवली होती, शिकवली होती. ती आता लांब आरोग्यसेविका होती. एके दिवशी तिचं पत्र आलं. दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात, येत्या गुरुवारपासून तिसऱ्या गुरुवारी, ती रेडिओवर दहा मिनिटं बोलणार होती. तान्ह्या पोरांच्या जुलाबांवर. पत्र मी तीन वेळा ओरडून वाचलं. मावशी तिसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "पोरगी रेडिओत बोलंल, आन मी नुसती पेटीकडं बघत बसू काय?"

हे वाक्य मालकांना लागलं. त्या दिवसापासून त्यांनी बावीसांतले एकवीस हेडफोन बाजूला ठेवले आणि सगळ्यात चांगला एक उघडून मावशींच्या कानासाठी करायला घेतला. डाव्या वाटीत जास्त जोराचं चुंबक बसवलं, तार नव्यानं गुंडाळली, गादीला मावशींच्या जुन्या खणाचं कापड लावलं. उजवी वाटी तशीच ठेवली, म्हणाले, "त्या बाजूला काय, असली काय नसली काय." मावशींना मधेच घालून बघा म्हटलं तर त्या ऐकेनात. "तयार झालं की द्या. रोज उठून डोक्यावर कढई पालथी घालायची नाय मला." म्हणजे ऐकायला मीच.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या संध्याकाळी मी तो घातला तेव्हा उजवीकडून लख्ख आवाज आला आणि डावीकडून काहीच नाही. मी म्हणणार होतो. पण मला वाटलं, ही बाजू कमी ऐकणाऱ्या कानासाठी केलीय, ती माझ्या धडधाकट कानाला कशी ऐकू यावी? मालकांचा चष्मा मी एकदा गमतीनं लावून बघितला होता, तेव्हा मला सगळं धुरकट दिसलं होतं. त्यांना मात्र त्यातून सुई दिसे. तसंच हे. ज्याच्या मापाचं त्यालाच चालणार. हा विचार मला इतका पटला की स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. मालकांनी विचारलं, "डावीकडं कसा हाय?" मी म्हणालो, "छान." पंधरा दिवस, रोज, छान.

गुरुवारी मी मिस्त्रीकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. वाडीतल्या आठदहा बायका हातातलं काम टाकून ओटीवर येऊन बसल्या. मालकांनी रेडिओच्या कर्ण्याच्या तारा सोडल्या आणि त्या हेडफोनला जोडल्या. रेडिओ मुका झाला.

"अवो, मग आमी काय ऐकायचं?" एक बाई म्हणाली.

"आवाज वाटून दिला की पातळ होतो," मालक म्हणाले. "आज समदा हिचा."

"मग आमाला कशाला बोलावलं? बघाया?"

"बघा की. बघण्यासारखंच हाय."

मावशी धुतलेलं लुगडं नेसून पाटावर बसल्या. डोक्यावर हेडफोन. मालकांनी घड्याळ बघितलं, बटण फिरवलं, आणि बोट वर केलं. सुरू झालं. मावशींच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"येतंय का गं?" मालक खुणेनं.

मावशींनी मान हलवली. येतंय. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मालकांचे डोळे भरून आले. मावशी मान हलवत राहिल्या, हसत राहिल्या, सगळ्यांकडं एकेकदा बघून हसल्या. ती मान मला ओळखीची होती. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून जी हलते, ती ही मान. गेले आठ महिने मी रोज संध्याकाळी तीच हलवत होतो.

घड्याळात सात मिनिटं गेली होती.

"मालक," मी म्हणालो, "त्यांना ऐकू येत नाय."

"काय?"

"डावीकडं काही येतच नाय. पंधरा दिवस येत नाय."

मालक म्हणाले, "मग छान छान काय म्हणत व्हतास?"

"मला वाटलं, ते चष्म्यासारखं असंल. त्यांच्या मापाचं. मला दिसायचं नाय, म्हणजे ऐकू यायचं नाय, असं."

एक बाई पदर तोंडात घालून हसायला लागली. मालकांना हसू आलं नाही, राग आला नाही. जोराच्या चुंबकाला पत्र्याची चकती चिकटून बसली असणार, ती थरथरल्याशिवाय आवाज यायचा नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण वाटी उघडायची तर स्क्रू चार आणि मिनिटं दोन. मावशी आमच्या तोंडांकडं बघत विचारत होत्या, "काय म्हणतोय त्यो?" मला गॅरेजमधलं तेवढं एक सुचलं: पुढचं चाक बसलं तर मागचं पुढं घाला. मी उठलो, मावशींच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि चालू वाटी त्यांच्या डाव्या कानावर दाबून धरली. तार नाकावरून आडवी गेली.

मावशींचं हसू एकदम गेलं. तोंड उघडं राहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी ती वाटी माझ्या हातावरूनच गच्च धरली.

"सुमी हाय," त्या म्हणाल्या. "सुमी हाय ही!" मग, "मीठ घाला म्हणाली. साखर घाला, पाणी उकळून थंड करा म्हणाली." ओटीवरच्या बायका पुढं सरकल्या आणि मावशी एकेक वाक्य त्यांना ओरडून सांगायला लागल्या. अशी दोन मिनिटं गेली. मग रेडिओवर गाणं लागलं, आणि मावशींनी हेडफोन काढून मालकांच्या मांडीवर ठेवला.

मी पडवीत जाऊन ट्रंक भरायला घेतली. परभणीची गाडी कुठून मिळते हेही मला धड माहीत नव्हतं. मालक दारात येऊन उभे राहिले.

"कुटं निघालास?"

"घरी."

"ट्रंक ठेव. चुंबक मी बसवलं, तू नाय." वळता वळता म्हणाले, "आन तिला ऐकू येत नाय हे मला दिसलं नाय रं, तुला दिसलं. चल जेवाया."

दुसऱ्या दिवसापासून ते कधीकधी मुद्दाम तारा न जोडताच हेडफोन माझ्या डोक्यावर घालत आणि विचारत, "येतंय का?" मी "नाय" म्हटलं की खूश होत. त्या एका शब्दासाठी मला आयुष्यात एवढी शाबासकी पुन्हा मिळाली नाही.

पण मावशींना पहिल्या आठ मिनिटांचं कोडं सुटेना. सुरवातीला पोरगी काय म्हणाली? वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कर्णा सुटलेला, आणि आम्ही सगळे मावशींच्या चेहऱ्याकडं बघत बसलेलो. त्या रोज विचारू लागल्या. शेवटी एका सकाळी मालक त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि ओरडून म्हणाले, "सुरवातीला म्हणाली, मला माझ्या आत्यानं शिकवलं. तिनं शाळेत घातलं नसतं तर मी हितं बोलाया नसते." मावशींनी विचारलं, तुमाला कसं कळलं? मालक म्हणाले, पोस्टमननं ऐकलं व्हतं. मावशींनी ते वाडीभर सांगितलं.

मे महिन्यात सुमन आली. चहा होईपर्यंत मावशींनी तिच्यासमोरच शेजारणीला ते पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. सुमननं मालकांकडं बघितलं. मालक एका वाटीत सुई घालून बसले होते, मान खालीच. मग माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. ती उठून आत्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "व्हय आत्या. पयल्यांदा तेच बोलले."

मी अजून चौकलाच आहे. परभणीला कायमचं जायचं राहून गेलं. मालक गेले, मावशी गेल्या, हेडफोन कुणी नेले ठाऊक नाही. सुमनताई अधूनमधून एसटीत भेटतात. त्या दिवशी रेडिओवर पहिली आठ मिनिटं त्या खरं काय बोलल्या होत्या, हे त्यांना विचारावं असं दर वेळी मनात येतं. मग त्यांचा थांबा येतो, त्या उतरून जातात, आणि मला बरं वाटतं, की विचारलं नाही.