मागच्या कप्प्यातली किटली

लग्नानंतर पाच वर्षांनी मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. त्यांना मी आत्या म्हणते. त्या म्हणाल्या, "शीक बाई, आमचं काई म्हननं न्हाई. पन तुझं ते जंतूबिंतू माझ्या फ्रीजमधी आनायचं न्हाई. तिथं आमी खायचं ठिवतो."

मी हो म्हटलं. पावणेदोन वर्षं ही अट पाळली आणि एका शनिवारी मोडली. त्या शनिवारची भीती अजून माझ्या अंगातून पुरती गेलेली नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यात आणि कॉलेज नगरला. सकाळची एसटी चुकली की पहिला तास गेलाच. नवऱ्याची सुप्याच्या कंपनीत पाळी असते, त्यामुळे त्याचा डबा कधी सकाळी, कधी दुपारी. मुलगी चार वर्षांची, तिला वेणी घालताना चिमटा बसला तर अंगणवाडीपर्यंत रडते. या सगळ्यात अभ्यास कुठे बसवायचा, तर चुलीपाशी. परातीला टेकवून वही ठेवायची आणि भाकरी थापता थापता पाठ करायचं. एकदा सरांनी माझ्या वहीवरचा पांढरा ठसा बघून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "बाजरी, सर." ते हसले. मी हसले नाही, कारण मला झोप आली होती.

माझा प्रकल्प दुधातल्या जंतूंवर होता. गोठ्यागोठ्यांतून कच्च्या दुधाचे नमुने आणायचे, प्रयोगशाळेत तपासायचे. प्रबंध द्यायला महिना उरला होता आणि मला एका खास गाईचं दूध हवं होतं. जी गाभडली आहे, म्हणजे जिचं वासरू दिवस भरण्याआधीच पडलं आहे, अशा गाईचं. एक जंतू असा आहे की त्यानं गाई गाभडतात, आणि तोच कच्च्या दुधातून माणसात शिरतो. मग महिनोन् महिने चढउतार होणारा ताप, सांधे धरतात, आणि पोटुशी बाई असेल तर तिच्या बाळालाही धोका. हे सगळं मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा चांगले गुण मिळवले होते.

अशी गाय अख्ख्या तालुक्यात शोधत फिरले, आणि ती निघाली शेजारीच. काखेत कळसा म्हणतात तसं. शेजारच्या काकूंची गाय आठवड्यापूर्वी सातव्या महिन्यात गाभडली होती. त्या शनिवारी कॉलेजातून येताना काकूंनी मला भिंतीवरून हाक मारली आणि गोठ्यात नेऊन हळूच सांगितलं. "कुनाला बोलू नकोस बरं का. डेअरीवाल्याला कळलं तर आमचं दूध बंद करत्याल."

माझ्या पिशवीत एकही निर्जंतुक बाटली उरली नव्हती. काकूंनी स्वतःची झाकणाची स्टीलची किटली आणली आणि निम्मी भरली.

"एवढं कशाला, काकू? चमचाभर पुरे."

"चमचाभर दूध कुनी देतं व्हय? बरं दिसत न्हाई ते."

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रयोगशाळा बंद, माझ्या नमुन्यांच्या डब्यातला बर्फ वितळलेला. मी घरात शिरले, इकडेतिकडे बघितलं, आणि किटली फ्रीजच्या मागच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीच्या आड सरकवली. वर चिठ्ठी लावायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चिठ्ठी लावली की आत्या विचारणार. सोमवारी सकाळी उचलून नेऊ, कुणाला पत्ता लागणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. मी शिकलेली, मला सगळं कळतं, हा माझा तोरा.

रविवारी घरी सत्यनारायण होता. नणंदेसाठी. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे या वेळी घरातला प्रत्येक जण तिच्याभोवती जपून पाऊल टाकायचा. पूजेला मी आणि नवरा बसलो. सकाळपासून मी शिऱ्याच्या पातेल्यापाशी होते, पूजेची मांडामांड आत्यांनी केली. कथा झाली, आरती झाली, आणि गुरुजी म्हणाले, "सूनबाई, तीर्थ द्या सगळ्यांना."

पंचामृताची वाटी आणि पळी घेऊन मी उभी राहिले. नणंद पहिली आली. एक हात पोटाखाली धरून दुसरा पुढे केला. मी पळीभर दिलं. तिनं ते घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि पुन्हा तळवा पुढे केला.

"वहिनी, अजून थोडं द्या ना. लई गोड लागतंय."

मी आणखी एक पळी दिली. मग आळीतल्या पंधरावीस जणांना दिलं. नवऱ्याला दिलं. शेवटी उरलेली वाटी माझ्या मुलीनं बोटांनी चाटून पुसली, आणि मी तिला ओरडले ते फक्त फ्रॉक चिकट केला म्हणून.

लोक जेवून गेल्यावर आत्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांच्या हातात काकूंची किटली होती. घासून लख्ख केलेली, आणि तीत गच्च शिरा भरलेला.

"जा, देऊन ये काकूला. भल्या बाईनं न सांगता पूजेला दूध धाडलं. सकाळी फ्रीज उघडला तर ही आपली तिथं. रिकामी कशी माघारी द्यायची?"

आमच्या आळीची रीतच आहे. ज्याच्या घरी पूजा, त्याच्याकडे ज्याच्या गोठ्यात गाय आहे तो दूध पाठवतो. मागावं लागत नाही, आणि कुणी पाठवलं म्हणून विचारायचंही नसतं. आणि शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आत्यांनी या रीती चाळीस वर्षं पाळल्या होत्या, त्या दिवशीही पाळल्या.

ओटा धरून मी विचारलं, "आत्या, दूध तापवलं होतं का?"

"पंचामृतात तापवलेलं घालत्यात व्हय? शिकून येडी झालीस का काय?"

मी किटली घेऊन काकूंकडे गेले. शिरा दिला. काकूंनी "दूध पोचलं का तुझ्या कॉलेजला?" असं विचारलं आणि मी मान हलवली. परत येऊन भांडी घासली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. आज बोलून उपयोग काय? दूध खरंच वाईट होतं हे कुठे ठाऊक आहे? उद्या सकाळी त्याच गाईचं दूध पुन्हा घ्यायचं. प्रयोगशाळेत त्यात निळ्या द्रावाचा एक थेंब टाकायचा, तासभर उबेत ठेवायचं. नळीत वर साईच्या जागी निळं कडं नाही आलं, तर मोठा धोका टळला म्हणायचा. मग कुणाला काही सांगायलाच नको.

पण खाई त्याला खवखवे. संध्याकाळी नणंद खोकली आणि माझ्या हातातलं ताट निसटलं. मुलीच्या कपाळाला मी इतक्यांदा हात लावला की ती वैतागून बाबाच्या मांडीवर जाऊन बसली. मला ठाऊक होतं की हा जंतू इतक्या लवकर ताप आणत नाही. आठवडे लागतात. मीच तर लिहिलं होतं उत्तरपत्रिकेत. पण ते ठाऊक असण्यानं भीती कमी होत नव्हती, लांबत होती. नणंद पोटावर हात ठेवून म्हणाली, "आज लई नाचतंय हे," आणि मला रडू कोसळलं. कांदा चिरत होते म्हणून निभावलं.

सोमवारी उजाडताच निर्जंतुक बाटली घेऊन मी काकूंच्या गोठ्यात शिरले. खुंट्याला दावं नुसतंच लोंबत होतं.

"गाय कुठंय, काकू?"

काकू शेण भरत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "इकली. काल सांजंला व्यापारी आल्ता टेम्पो घेऊन."

"कुणाला? कुठल्या गावाला नेली?"

"मला काय म्हाईत, बाई? तू दूध काय नेलंस, इचारलंस काय काय, मला भ्याव वाटलं. म्हनलं, हिच्या कागदावर आलं तर डेअरी बंद. त्यापरीस जाऊ दे."

मी त्या रिकाम्या खुंट्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला, ती माझी होती. आता निळं कडं नव्हतं, नळी नव्हती, काहीच नव्हतं. नणंदेचं रक्त तपासणं एवढाच मार्ग होता आणि त्यासाठी तिला सांगावं लागणार होतं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. बाळाची भीती होतीच, पण खरं सांगते, त्यात माझीही भीती होती. हे कळल्यावर मला पुन्हा कॉलेजची पायरी कोण चढू देणार? अशा वेळीही मला माझा प्रबंध आठवला, याची लाज अजून वाटते.

नणंद बाहेरच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. काकूंचं नाव तेवढं घेतलं नाही, पण किटली कुणाची ते घरात सगळ्यांनाच माहीत होतं. ती मेथीची काडी हातात धरून ऐकत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. मला वाटलं ती ओरडेल. ती फक्त म्हणाली, "मी दोनदा घेतलं, वहिनी. तुम्ही दोनदा दिलंत."

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्या तुला एकच गोष्ट सांगितली हुती," त्या म्हणाल्या. "एकच."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्या मागे सरल्या. पण मग आत जाऊन माझ्या नवऱ्याला उठवलं, गाडी काढायला लावली, आणि नणंदेला दवाखान्यात न्यायला सांगितलं. मलाही सोबत पाठवलं. "तुला त्यातलं कळतं, डॉक्टरला नीट सांग," म्हणाल्या. आम्ही तालुक्याला गेलो तेवढ्या वेळात त्यांनी स्वतः आळीतलं घरन् घर केलं. पूजेच्या दुधात आपल्याच हातनं गडबड झाली, कुणाला ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरला तीर्थाचं सांगा, असं त्या सांगत फिरल्या. माझं नाव नाही, काकूंचं नाही. लोक उलट त्यांनाच हसले. "देवाच्या तीर्थानं कुनाला काय हुतंय, म्हातारे?" हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं, आत्या कधीच बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोन पळ्या म्हणजे फार नाही, म्हणाले, शक्यता कमी आहे. पण नाही असं आज सांगता येणार नाही. आज रक्त घेऊ, महिन्यानं पुन्हा घेऊ. ताप आला तर लगेच या.

तो महिना मी कशी जगले ते सांगायला मला नीट जमणार नाही. रोज सकाळी एसटी पकडायच्या आधी नणंदेच्या आणि मुलीच्या तोंडात थर्मामीटर द्यायचा. नणंद निमूट तोंड उघडायची, माझ्याकडे न बघता. प्रबंध लिहायला बसले की त्या एका नमुन्याची ओळ रिकामी दिसायची. ती मी तशीच ठेवली. आळीत कुणी अंगदुखीचं नाव काढलं की मी त्यांच्या दारात हजर. एका आजोबांना ताप आला तेव्हा तीन दिवस घास उतरला नाही, आणि तो निघाला साधा सर्दीचा. आणि बसमधून जाताना रस्त्याकडेला कुठलीही तांबडी गाय दिसली की वाटायचं, हीच असेल. कुणाच्या तरी गोठ्यात ती उभी असणार, तिचं दूध कुणाचं तरी लेकरू पीत असणार, आणि ती तिथं पोचली माझ्या प्रश्नांमुळे.

दुसरा अहवालही निर्दोष आला. नवरा दवाखान्याच्या पायरीवरच बसला आणि त्यानं डोळे पुसले. मुलगी ठणठणीत राहिली, आळीत कुणाला काही झालं नाही. पुढे नणंदेला मुलगा झाला, दिवस भरून, सव्वातीन किलोचा. माझा प्रबंध स्वीकारला गेला, मी पास झाले. आत्यांनी पेढे वाटले. आळीच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं.

बाळाच्या बाराव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. बाळ रडत होतं, नणंद कशात तरी गुंतली होती, म्हणून मी बाळगुटी उगाळायला घेतली. सहाण गरम पाण्यानं धुतली, पाणी उकळून निववलं, वाटी आणि बोंडलं उकळत्या पाण्यातून काढलं. हात तीनदा धुतले. बोंडल्यात गुटी घेऊन पाळण्याकडे गेले, तर नणंद घाईनं उठून मध्ये आली. माझा हात तिनं हळूच बाजूला केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"राहू द्या, वहिनी," ती म्हणाली. "मी उगाळते पुन्हा."

मी बोंडलं घेऊन मोरीपाशी गेले आणि ते रिकामं केलं.