तेलात न्हालेला प्रेस

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या त्या फ्लॅटचं प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे. २०१० नंतरची गोष्ट. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती.

खबर सकाळी आली. एसी दुरुस्त करणारा एक माणूस स्वतः ठाण्यात आला. "ऑफिसर, दॅट हाऊस गॉट बुलेट मशीन, लाह," तो इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला. टेबलावर मांडलेला दांड्याचा लोखंडी प्रेस, शेजारी काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणि सगळ्यावर लाल पावडर, असं त्याने पाहिलं होतं. सिंगापूरमध्ये घरात पुंगळ्यांत दारू भरून काडतुसं बनवणं म्हणजे गंमत नाही. तुरुंग, आणि वर फटके. वरिष्ठांना कळवून आम्ही लगेच निघालो.

फ्लॅटमध्ये राहत होता तुआसच्या शिपयार्डात काम करणारा एक मराठी मरीन इंजिनिअर, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी. टेबलावर प्रेसच्या जोडीला पाने, पक्कड, शिवणयंत्र आणि लॅपटॉपही मांडला होता. सगळ्यांना हळदकुंकू, प्रत्येकावर एक फूल. माझ्या सहकाऱ्याने पंचनाम्यात लिहिलं, 'लाल पदार्थ, स्वरूप अज्ञात'. माझा जन्म इथलाच, पण आई खंडेनवमीला विळीलासुद्धा कुंकू लावायची, त्यामुळे पदार्थाचं स्वरूप मला चांगलंच ज्ञात होतं. तरी मी पंचनामा तसाच राहू दिला. पूजा केली म्हणून गुन्हा माफ, असं कुठलाच कायदा म्हणत नाही.

ठाण्यात आणल्यावर मी विचारलं, "हे काय आहे?"

"ज्यूसर आहे, सर. मोसंबीचा."

"आणि पुंगळ्या कशाला? रस प्यायला?"

घाबरलेला माणूस निर्दोष असला तरी आधी खोटंच बोलतो, आणि तेही अगदी बावळट खोटं. त्यावरून त्याला दोषी ठरवणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

"हे बघा," मी मराठीत म्हणालो, "जबाब इंग्रजीतच लिहिला जाईल. पण मला मराठी कळते. आता नीट सांगा."

मराठी ऐकून तो चपापला आणि मग बोलता झाला. वडील नाशिककडचे, स्पर्धांतले नेमबाज. परवाना होता, सरावाची काडतुसं स्वतः भरायचे. म्हातारपणी घर बंद करून याच्या बहिणीकडे राहायला गेले, तेव्हा हा प्रेस पुंगळ्यांसकट त्यांनी याला दिला. सामानाच्या पेटीतून तो जहाजाने इथे आला. "वर्षातून एकदा काढतो, साहेब. तेल देतो, पूजा करतो, परत ठेवतो. काडतूस कसं भरतात तेही मला ठाऊक नाही."

असं सगळेच आरोपी म्हणतात. मी त्याला शिक्षा समजावून सांगितली. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणालो, "काहीही झालं तरी प्रेस परत मिळणार नाही. तोडला जाईल." तेव्हा मात्र तो रडला. मला संताप आला. घरी बायको-मुलगी जीव मुठीत धरून बसलेल्या, आणि हा लोखंडासाठी रडतोय!

दुसऱ्या दिवशी मुद्देमाल पुन्हा पाहायला घेतला. माझी काही वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात गेली होती. अशा प्रेसला तेल मोजकं लागतं, वरखाली होणाऱ्या दांड्याला आणि हँडलच्या सांध्यांना. काडतुसातली दारू पेटवणारी टोपी जिथे बसवतात ती जागा कोरडी ठेवावी लागते, कारण तेल लागलं की टोपी निकामी होऊ शकते. या पठ्ठ्याने प्रेसला अभ्यंगस्नान घातलं होतं. टोपीची वाटी तेलाने काठोकाठ, वर कुंकवाची साय. काडतुसं भरणारा माणूस स्वतःच्या यंत्राचे असे हाल करणार नाही. मी तसं टिपण लिहून प्रेस प्रयोगशाळेकडे पाठवला. दारूचा ताजा अंश नाही, वापर जुना, असा अहवाल आला. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. कडक ताकीद देऊन त्याला सोडलं.

आमच्याकडे जमा असलेला पासपोर्ट न्यायला आला तेव्हाही त्याचा चेहरा उतरलेलाच होता. वडिलांना अजून सांगितलं नव्हतं. "इथूनच लावा फोन," मी म्हणालो. त्याने स्पीकर सुरू केला.

"अप्पा, तुमचा प्रेस पोलिसांनी जप्त केला. तोडणार आहेत."

"पोलीस? तुला सोडलं ना?"

"हो. पण अप्पा, तुम्हीच म्हणाला होतात ना, गंजू देऊ नकोस..."

"अरे, ते मी सगळ्याच वस्तूंबद्दल म्हणतो. भंगारवाला कवडीमोल भाव देत होता म्हणून तुझ्या गळ्यात मारला. सूनबाई बरी आहे ना? घाबरली असेल पोर."

"बरी आहे," म्हणून त्याने फोन ठेवला. मी पासपोर्ट त्याच्यापुढे सरकवला.

त्यानंतर कोणाच्या घरून वाडवडिलांची वस्तू जप्त झाली की मी एक प्रश्न जबाबाबाहेर विचारत असे, 'ही सांभाळा असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?' बहुतेक जण विचारात पडत.