रविवारचा चारचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — ह्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला म्हणून सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

लोक म्हणतात, मोबाइल आला आणि ऑफिस घरात घुसलं. घुसलं की! पण माझ्या घरात ते साहेबांनी नाही घुसवलं. शहरातल्या द्वारका चौकात द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी कामाला होते. मोबाइल तेव्हा नवा-नवा, त्यातून कंपनीने दिलेला — काय तोरा होता माझा!

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, म्हणून त्यांना कळवणहून आमच्याकडे आणलं. इतर दिवशी त्यांच्यासाठी बाई यायची. रविवार माझा. हे घरातच असायचे, पण ते बाईमाणसाचं काम ना! भरवायचं, पुसायचं, आणि नुसतं जवळ बसायचं. त्यांना सोबत हवी असायची. आणि मला — आता खोटं कशाला बोलू? — मला त्यांचा वीट आला होता.

मग एका रविवारी मी मोबाइलमध्ये चारचा गजर लावला. आवाज अगदी फोन आल्यासारखाच. वाजला की कानाला लावायचा, "हो सर... कंटेनर अडकलाय? निघतेच." की चपला पायात. कुठे जायचे? देवळाली कॅम्पला! बाजारात हिंडायचं, बेकरीत बसून खारी खायची. घरी मात्र मी बिचारी. हे दातओठ खायचे, "तो तुझा जाधवसाहेब माणूस आहे की राक्षस?" जाधवसाहेबांनी मला रविवारी एकदाही फोन केला नव्हता. एकदाही!

हे दोन वर्षं चाललं. मग त्या रविवारी सासूबाईंनी चांगल्या हाताने माझा पदर धरला. "आज नको जाऊ गं. लय भ्या वाटतंय मला." तेवढ्यात गजर वाजला. मी पदर सोडवून घेतला — हो, त्यांचं एकेक बोट उलगडून.

कॅम्पच्या बाजारात ह्यांचा फोन आला. नाव दिसत होतं. उचलला असता तर मागचा गलका ऐकू गेला असता, नाही का? नाही उचलला. तीनदा वाजला. घरी पोचले तेव्हा सासूबाई गेल्या होत्या.

"शेवटपर्यंत तुलाच विचारत होती," हे म्हणाले. "फोनसुद्धा उचलू दिला नाही ना त्याने?"

मी मान हलवली. ‘नाही’ म्हणून.

तिसऱ्या दिवशी जाधवसाहेब भेटायला आले. ह्यांनी त्यांना चारचौघांत नको नको ते सुनावलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं — मला कळलं ते. मी सतरंजीकडे बघत बसले. त्यांनी हात जोडले, "चुकलं माझं," म्हणाले आणि पाणीही न घेता निघून गेले.

यंदाच्या श्राद्धालाही ह्यांनी त्या माणसाला शिव्या घातल्या. मी पान वाढत होते. वाढत राहिले.