संडासच्या गॅसवरची खिचडी

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. बुवापाड्यातल्या आमच्या चाळीत त्यांच्याइतका ताठ माणूस दुसरा नव्हता. कंपनीतून रिटायर झाले, तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे, ड्युटीला जायचंय अशा थाटात. पालिकेच्या कामासाठी वस्तीची वर्गणी गोळा करायची ठरली तेव्हा सगळ्यांनी त्यांचंच नाव घेतलं. "पुढच्या महिन्यात देतो" असं मामांना सांगायची कोणाची बिशाद नव्हती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वस्तीचा जुना संडास म्हणजे नुसता नरक. दारं तुटलेली, पाण्याचा पत्ता नाही, आम्ही बायका उजाडायच्या आत नाल्याकडे जायचो. पालिका म्हणाली, वस्तीनं आपला वाटा उचलला तर नवीन संडास बांधून देऊ, खाली टाकी करू, टाकीतून गॅस निघेल आणि तो बाजूच्या बालवाडीला देऊ. बालवाडी मी चालवायचे, विहाराला लागून असलेल्या खोलीत. पोरांची खिचडी रॉकेलवर शिजायची, आणि रॉकेल वेळेवर मिळेल तर शपथ! मी तर सगळ्यात आधी पैसे काढून दिले. मामांनी इतरांच्या दुप्पट भरले. "बायकांना दार पाहिजे," एवढंच म्हणाले.

काम व्हायला वर्ष गेलं, पण झालं. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून शेगडी आणली. हा गॅस मंद असतो म्हणून त्यानं तिच्या नळीचं भोक मोठं करून दिलं. पहिल्या दिवशी काडी लावली आणि निळी ज्योत आली. ना वास, ना धूर. मी टाळ्याच वाजवल्या. पोरांनी खिचडी दोन-दोनदा मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी खोलीत माझी मुलगी आणि शेजारची एक पोर, बस्स. मी घरोघर फिरले. "बाई, आमचा खिचडी खात नाही," एक जण म्हणाली. काल दोनदा खाल्ली त्यानं, मी म्हटलं. मग खरं बाहेर पडलं. "संडासचा गॅस आहे ना तो."

माझं डोकंच फिरलं. "अगं, गॅस शेगडीत येतो, पातेल्यात नाही येत!" पण ऐकतंय कोण?

मला वाटलं, मामा एकेकीला सरळ करतील. घरी येऊन तावातावानं सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आपली पोरगीपण तिथं जेवणार नाही. डबा देत जा."

"मामा, पैसे तर तुम्हीच गोळा केले!"

"संडासासाठी केले. चुलीसाठी नाही." मग म्हणाले, "माझा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. गावाची घाण काढायची आणि वर शिळी भाकर मागायची. दीक्षा घेतली त्या दिवशी ते काम सोडलं, परत हात लावला नाही. आणि आता माझी नात घाणीवरचं खाणार?"

एरवी मी उलटून बोलले असते. त्या रात्री नुसती भांडी आपटली. राग त्यांचा होता की आणखी कशाचा, मलाच कळेना.

आठवड्यानं सुपरवायझर मॅडम आल्या. पोरं नसतील तर महिनाअखेर बालवाडी बंद, म्हणाल्या. मग ही पोरं हायवे ओलांडून पलीकडच्या बालवाडीत जाणार. तीन-चार वर्षांची पोरं आणि तो हायवे! मामांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून ते ओट्याऐवजी बालवाडीच्या पायरीवर येऊन बसायला लागले.

तिथेच ते बसलेले असताना मागच्या गल्लीतली एक बाई पोराला घेऊन त्याचं नाव काढायला आली. ती आमच्या समाजातली नव्हती. संडास मात्र एकच, वर्गणीही दिलेली. अगदी गोड आवाजात मला म्हणाली, "राग नका मानू हं बाई. तुमच्यात चालतं. आमच्यात नाही चालत."

मामा उठले. मला वाटलं, आता काही खरं नाही, हिला फाडून खाणार. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले.

"वाढ," मला म्हणाले.

मी ताट ठेवलं. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. "बाई, आमच्यातपण चालत नव्हतं. कालपर्यंत मीच नको म्हणत होतो. पण वर्गणी देताना तुमच्यात-आमच्यात नव्हतं ना? त्या टाकीत सगळ्यांचं सारखंच पडतं. माझ्या बापानं दुसऱ्यांची घाण काढली. ही आपल्या सगळ्यांची आहे, आपल्याच पैशानं बांधलेली."

आणि पहिला घास घेतला. घास गिळताना त्यांनी डोळे मिटले ते मी पाहिलं, आणि मला रडू आलं. ती बाई पोराला घेऊन निघून गेली, परत आली नाही.

मामा मात्र रोज आले. इस्त्रीचा शर्ट घालून पोरांच्या रांगेत बसायचे, पहिला घास त्यांचा. माझ्या मुलीचा डबा बंद झाला, ती त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायची. आजोबा खातात म्हटल्यावर आधी आमच्या चाळीतली पोरं परत आली, मग बाकीची. बालवाडी बंद झाली नाही.

घरी आले की मामा आधी मोरीत जायचे आणि चूळ भरायचे. एकदा, दोनदा, मग भरतच राहायचे. मी बाहेर भाजी निवडत तो आवाज ऐकायचे. ते बाहेर आले की मी टॉवेल पुढे करायचे आणि विचारायचे, "उद्या येणार ना, मामा?"

"येणार," ते तोंड पुसत म्हणायचे.