डबीतलं मीठ

सदाशिव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठीच मीठ वाळवत होतो. अंगणात गोणपाट, त्यावर जुनं धोतर, धोतरावर मीठ, आणि मी त्यातले मातकट दाणे निवडून बाजूला टाकत होतो. सून आतून फोन घेऊन आली. रोह्याहून होता, म्हणजे नदीपलीकडच्या अष्टमीहून. सदाचा मुलगा बोलत होता. धर्माकाका, बाबा सकाळी गेले, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, बरं. आता यात बरं काय होतं... पण तेच तोंडातून आलं. फोन सुनेच्या हातात दिला आणि परत दाणे निवडायला लागलो. हात थांबेनात. थांबले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाय.

त्याला आता सव्वा महिना झाला. मी तिसरी शिकलेला माणूस, उभा जन्म वडखळच्या पुढं खाडीकाठच्या मिठागरात गेला. हा लेख मीच लिहिलाय. नातीनं वेलांट्या तेवढ्या दुरुस्त केल्या, वाक्य एकपण बदलू दिलं नाय. कारण यात एक गोष्ट हाय, ती दुसऱ्याच्या हातून लिहिली जाता कामा नये.

सदाशिव पेणला सरकारी दवाखान्यात तपासनीस होता. रक्त, लघवी, शौच, जे कोणी आणून देईल ते काचेच्या पट्टीवर घ्यायचं आणि दुर्बिणीखाली बघायचं, हे त्याचं काम. पेणला खोली भाड्यानं, शनिवारी एसटीनं अष्टमीला घरी. त्याची माझी ओळख माझ्या हिरामुळं झाली. हिरा तेव्हा नऊ वर्षांची. कोकणात रेल्वे अजून यायची होती, तेव्हाची गोष्ट. आधी ती खेळताना बसायला लागली. मग पाण्याचा हंडा अर्ध्या वाटेवर ठेवायला लागली. मी तिला आळशी म्हणायचो, चारचौघांत म्हणायचो. एकदा तिची आई, पार्वती, मला हात धरून घरामागं घेऊन गेली. भिंतीचा कोपरा खालून कोरलेला होता. मला वाटलं उंदीर. पार्वती म्हणाली, "उंदीर नाय, हिरा हाय. माती खाते ती." तेव्हा मी पहिल्यांदा पोरीकडं नीट बघितलं. तोंड सुजलेलं, नखं कागदासारखी पांढरी, आणि दोन पायऱ्या चढली तरी गळ्यापाशी शीर उडताना दिसायची. त्या दिवसापासून जी भीती पोटात शिरली ती अजून पुरती बाहेर आलेली नाय.

पेणच्या सरकारी दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाले, उद्या हिची शौच आणा, डबीत. दवाखान्यात डबी मिळायची नाय, लोक काड्यापेटीत नेत. मी मात्र तपकिरीची पत्र्याची डबी घासून घेतली, आपलं काम नीट असावं म्हणून. दुसऱ्या दिवशी भरतीचं पाणी आगरात घ्यायचं होतं, हलता येईना. जायला मिळालं तिसऱ्या दिवशी. मग डबी दोन दिवस टिकवायची कशी? आमच्यात जे टिकवायचं त्याला मीठ लावायचं. मासळीला लावतो, कैरीला लावतो. मी त्या डबीत दोन चिमटी मीठ टाकलं, वरून चांगलं दाबलं आणि झाकण लावलं. पार्वती म्हणाली, असं चालतं का? मी म्हटलं, मिठाचं मला शिकवू नको.

तपासणीचा कागद आला. त्यावर डॉक्टरांनी एक शब्द वाचला, निगेटिव्ह. म्हणजे जंत नाय. मी खूश झालो, पण डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, जंत नसतील तर एवढं रक्त जातंय कुठं? हा रक्ताचाच काही वाईट आजार असू शकतो, मुंबईला न्यावी लागेल, आठ दिवस या गोळ्या देऊन बघू. त्या आजाराचं नावही त्यांनी सांगितलं. मला ते उच्चारता आलं नाय, पण घरी येताना सगळी वाट ते माझ्याबरोबर चालत होतं. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाय तो शब्द लय मोठा असतो. हिरा पाठीवर होती. तिचं वजन लागत नव्हतं, शब्दाचं लागत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी आगरात फळीनं मीठ ओढत होतो तर बांधावरून एक बारकेला माणूस चपला सांभाळत येताना दिसला. तो सदाशिव. वडखळला एसटीतून उतरून विचारत विचारत, उन्हातून आला होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुमच्या मुलीच्या डबीचं माझ्या डोक्यातून जात नाही. पट्टीवर मला चौकोनी खडे दिसले. डबीत मीठ टाकलं होतं का कोणी?"

आजूबाजूला आमचे चार गडी उभे होते. मिठाच्या राशीवर हात टेकून मी सांगितलं, "नाय. आम्ही काय एवढे येडे हाय?"

सदानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं त्या पांढऱ्या राशींकडं बघितलं. म्हणाला, "बरं. माझ्याच हातून सांडलं असेल. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं पोरीलाच घेऊन या. आणि मला तुमचं पायलीभर मीठ द्या, स्वच्छ बघून. बाजारच्यात माती फार येते."

दुसऱ्या दिवशी हिराला नेली. सदानं माझ्याच मिठाचं पाणी करून ठेवलं होतं, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं. ताजी शौच त्या पाण्यात कालवली, बारकी बाटली काठोकाठ भरली आणि वर काच ठेवली. मला म्हणाला, जड घाण खाली बसते, जंताची अंडी हलकी, ती वर येऊन काचेला चिकटतात. पण लगेच बघावं लागतं, मिठात फार वेळ राहिली तर आक्रसून ओळखू येत नाहीत... हे सांगताना तो काचेकडंच बघत होता. माझ्याकडं नाय. मग त्यानं मला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. पातळ कवचाची लांबट अंडी होती, आत तीन-चार गोळे. एक नाय, दहा नाय. मी मोजायचं सोडलं. माझ्या पोरीच्या पोटात हे होतं आणि मी बांधावर उभा राहून नाय म्हणालो होतो. पाच दिवस आधीचे आणि तो सहावा, असे सहा दिवस माझ्यामुळं गेले होते. सहाव्या दिवशी ती नसती तर?

तिथंच बाकावर बसवून त्यानं मला एकेक शब्द फोडून सांगितला. हूकवर्म म्हणजे अंकुशकृमी, गळासारखं वाकलेलं तोंड, आतड्याला डसून रक्त पितो. लार्वा म्हणजे अळी, अंड्यातून निघते, ओल्या मातीत राहते, डोळ्याला दिसत नाय आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. ॲनिमिया म्हणजे अंगातलं रक्त कमी होणं. माती खायची इच्छा होते तीही बहुतेक त्यातूनच. मी हटून बसलो. म्हटलं, आम्ही चाळीस वर्षं अनवाणी, आम्हाला का नाय? तो म्हणाला, "तू खाऱ्या पाण्यात उभा, धर्मा. मिठात अळी जगत नाय. पोर कुठं उभी असते ते सांग." पोर मिरच्या-वांग्यांच्या वाफ्यात असायची. सगळं गाव परसाकडं जायचं त्या झुडपांत सरपण गोळा करायची. तो मला एकदम अरेतुरे करायला लागला होता आणि मला राग आला नाय.

औषधानं जंत पडले. मग रक्त भरायला लोहाचं औषध दिलं, तर हिराला काळी शौच व्हायला लागली. मी पुन्हा धावत पेणला गेलो, धाप लागलेली, पोर आतून सडली म्हणून. सदा हसला आणि म्हणाला, लोखंड पांढरं असतं का? पावसाळ्याच्या तोंडाला हिरानं भरलेला हंडा विहिरीवरून घरापर्यंत आणला. मी बघतोय असं तिला कळू दिलं नाय.

मग दर वर्षी नवं मीठ निघालं की पहिली बाटली सदाची. त्यानं एक लांबट वही केली होती. डावीकडं डॉक्टरी शब्द, उजवीकडं त्याचा आपल्या बोलीत अर्थ. अर्थ लिहिला की मला वाचून दाखवायचा. तुला कळलं म्हणजे तालुक्याला कळलं, असं टोचायचा. पॅरासाइट, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. होस्ट, म्हणजे ज्याच्या अंगात तो राहतो तो, यजमान. त्यावर मी भांडलो, यजमान पाहुण्याला आपण होऊन ताटावर बसवतो, याला कोणी बोलावलं? तो म्हणाला, अनवाणी फिरणं म्हणजे बोलावणंच. शब्द खोडला नाय. निगेटिव्हपुढं त्यानं लिहिलं होतं: आम्हाला दिसलं नाही, नाही असं नाही. ते वाचून तो थांबला. कळलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कळलं. त्या वेळी सांगता आलं असतं... पुढं कित्येक वर्षं, तो निवृत्त होऊन अष्टमीला राहायला गेल्यावरही, दर उन्हाळ्यात बाटली घेऊन जाताना मी ठरवायचो की या खेपेला सांगायचं. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, पूल ओलांडून स्टँडवर यायचो, आणि ते तसंच पोटात.

तेराव्याला गेलो तेव्हा निवडलेलं मीठ बरोबर नेलं होतं. का नेलं ते सांगता येत नाय. त्याच्या बायकोनं, वहिनींनी, खिडकीतली गेल्या वर्षीची बाटली माझ्या हातात दिली. अर्धी उरली होती. निवृत्तीनंतर तपासायला काही नव्हतं, तरी हे मीठ स्वयंपाकात घालू द्यायचे नाहीत, म्हणाल्या. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर त्याचं बारीक अक्षर: धर्माचं, स्वच्छ.

हिरा आता पेणला असते, तिला सून आली. रविवारची पुरवणी ती चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते. त्या सहा दिवसांचं तिला काही माहीत नाय, तिची आई न सांगताच गेली. हे छापून येईल त्या दिवशी तिचा फोन येईल, नायतर येणार नाय. दोन्हींची मला भीती वाटते.

बाटली माझ्या खिडकीत ठेवलीय. दमट हवेत मीठ पाझरतं, बुडाशी पाणी धरतं. मग मी ते धोतरावर पसरतो, उन्हात वाळवतो आणि परत भरतो. झाकण लावताना दर वेळी मोठ्यानं सांगतो, व्हय सदा, मीच टाकलं होतं.